निवडुंगाच्या माळावर वसलेले गाव

सांगली-मिरज रस्त्यावरचे विश्रामबाग आज कॉलेजांनी आणि घरांनी गजबजून गेले आहे. तिथल्या लहानशा स्टेशनवर पुण्याकडची पॅसेंजर धरावी. सांगली, नांद्रे, भिलवडी मागे टाकीत, उसाच्या फडांमधून गाडी किर्लोस्करवाडीला येते. १९१० पूर्वी इथे गावच नव्हते. कुंडल रोड नावाचे स्टेशन आणि भोवती खडकाळ माळ. निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना हा ३२ एकरांचा माळ दिला, वर १०,००० रुपये बिनव्याजी दिले. कामगार बायकामुलांसह आले. आधी निवडुंग तोडायचा, मग डोक्यावर छप्पर उभारायचे आणि त्याच जोडीला कारखानाही सुरू करायचा! रात्रीची राखण सोपवली ती तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांवर. विश्वास टाकला, तो त्यांनी राखला.

पण बिऱ्हाडे थाटली म्हणजे गाव वसले असे होत नाही. या वस्तीचे पोट होते लोखंडी नांगरावर, आणि नांगर घेणार कोण, तर तुमचे-आमचे आजे-पणजे. लोखंडाने जमिनीला विष चढते, असा तेव्हा समज. घरच्या लाकडी नांगराचा फाळही लोखंडाचाच, हे कुणाच्या ध्यानी येत नसे! बेळगावात पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली होती. शेवटी कुणीतरी धीर करून नांगर रानात घातला. माती पालथी पडली, हरळीची मुळे वर आली. बांधावरून शेजाऱ्याने ते पाहिले आणि नांगराची वाट मोकळी झाली.

पुढे १९१४ च्या महायुद्धात लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. १९२० मध्ये या वाडीतूनच ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले. स्टेशनानेही पुढे वाडीचेच नाव घेतले. इथे आजही पंप तयार होतात.

माळ राजाने दिला, घाम कामगारांनी गाळला. पण वाडी जगवली ती पहिला नांगर घेणाऱ्या शेतकऱ्याने. त्याचे नाव कुठल्या पाटीवर नाही. विश्रामबागेहून कधी त्या बाजूला गेलात, तर त्याची आठवण जरूर काढा.