कोन्यातील चार दिवस

तुर्कस्तानात जाणारा भारतीय प्रवासी बहुधा इस्तंबूल पाहून तृप्त होतो. फार तर कप्पादोकियाचे खडक पाहून परततो. कोन्या वाटेत लागले तरी तेथे तो एखादी दुपार काढतो आणि पुढे जातो. हे शहरही पाहुण्याला रिझवण्याची विशेष खटपट करीत नाही. समुद्र जवळ नाही. चहूकडे अनातोलियाचे कोरडे, सपाट पठार. २०११ मध्ये वेगवान रेल्वे सुरू झाल्यापासून अंकाऱ्याहून दोन तासांच्या आत येथे पोचता येते. मी चार दिवस राहिले, याचे कारण रूमी. साहित्य शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला, एखादे गाव आपल्या कवीला कसे सांभाळते, हे पाहण्याचे कुतूहल असतेच. मला तर आणखी एक गोष्ट पाहायची होती : ज्या कवीची भाषा गावाला येत नाही, त्या कवीचे गावात नेमके काय उरते?

जलालुद्दीनचा जन्म १२०७ सालचा, दूर पूर्वेकडे बल्खच्या परिसरातला. भटकत आलेले त्याचे कुटुंब १२२८ च्या सुमारास कोन्यात स्थिरावले. तेव्हा हे सेल्जुक सुलतानांच्या राजधानीचे शहर होते आणि या मुलखाला ‘रूम’ म्हणत. म्हणून तो रूमी. तुर्क मात्र त्याला मेवलाना म्हणतात, म्हणजे आपला मौलाना. १२४४ मध्ये शम्स तबरीझी येथे आला आणि या विद्वान धर्मोपदेशकाचा कवी झाला. मसनवीचे सहा खंड, सुमारे पंचवीस हजार द्विपद्या, त्याने सांगितल्या आणि हुसामुद्दीनने लिहून घेतल्या. हे सारे फारसीत. तुरळक ओळी तेवढ्या तुर्की आणि ग्रीक. १७ डिसेंबर १२७३ रोजी तो वारला. पुढे चारच वर्षांनी, १२७७ मध्ये, करामानच्या मेहमेद बेने हे शहर घेतले आणि दरबारात तुर्कीखेरीज दुसरी भाषा बोलू नये असे फर्मान काढले, अशी परंपरागत नोंद आहे. आपल्याकडे त्यानंतर चारशे वर्षांनी, १६७७ च्या सुमारास, ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला तो याच जातीच्या गरजेतून. राज्यकर्त्याला आपली भाषा हवीशी वाटणे स्वाभाविक आहे. प्रश्न कवीचा उरतो.

अलाउद्दीन टेकडीपासून समाधीपर्यंत सरळ रस्ता जातो. तो पायीच चालावा. टोकाशी शंक्वाकृती घुमट दिसू लागतो. त्याला हिरवा घुमट म्हणतात, पण रंग फिरोजी आहे, आणि उन्हाच्या कलाप्रमाणे तो पालटतो. १९२५ च्या कायद्याने तुर्कस्तानातील सर्व दर्वेशी मठ बंद झाले. हा मठ १९२७ मध्ये वस्तुसंग्रहालय म्हणून उघडला आणि आजही कागदोपत्री तो वस्तुसंग्रहालयच आहे. आत गेल्यावर मात्र हा कागद कोणी वाचलेला दिसत नाही. जरीच्या आच्छादनांखालील थडग्यांसमोर माणसे तळहात उघडून उभी असतात. खेड्यातून आलेली एक वृद्ध स्त्री माझ्याशेजारी उभी होती. तिचे ओठ हलत होते, डोळे वाहत होते. काचेच्या पेटीत मसनवीची १२७८ मधील हस्तलिखित प्रत आहे. कवीच्या मृत्यूनंतर अवघ्या पाच वर्षांतली. त्या पेटीवरून तिने नजर फिरवली आणि ती पुढे गेली. मी त्या पेटीपाशी बराच वेळ थांबले. तिची भेट खरी की माझी, याचा निवाडा करण्याचे मी टाळले.

या वास्तूत मला सर्वांत आवडले ते स्वयंपाकघर. तुर्कीत त्याला ‘मतबाह’ म्हणत. आपला ‘मुदपाकखाना’ त्याच अरबी शब्दापासून आला आहे, आणि आजच्या तुर्कीतला ‘मुतफाक’ही. या मठात साधकाचे शिक्षण ग्रंथालयात नव्हे, मुदपाकखान्यात सुरू होई. दाराजवळच्या कातड्यावर त्याने तीन दिवस नुसते बसायचे, येणाजाणाऱ्यांची कामे पाहायची. टिकला तर एक हजार एक दिवस सेवा. फिरण्याचा सरावही येथेच : फळीतल्या खिळ्याशी डाव्या पायाचा अंगठा अडकवून, त्याभोवती. मुख्य आचाऱ्याचे पद मोठे मानाचे होते. आमच्या विद्यापीठीय शिक्षणक्रमात अशा तीन दिवसांची सोय असती तर कित्येक प्रबंध लिहिलेच गेले नसते, असा एक दुष्ट विचार मनात येऊन गेला.

टेकडीच्या पायथ्याशी करातायची मदरसा आहे, १२५१ ची. तिच्या घुमटात फिरोजी, निळ्या आणि काळ्या फरशांचे तारांगण रचले आहे. खाली हौद, वर आकाशाकडे उघडणारे छिद्र. पलीकडे इंजे मिनारेली. तिच्या मनोऱ्याचा वरचा भाग १९०१ मध्ये वीज पडून कोसळला, पण दरवाजा शाबूत आहे. त्या दरवाजावर कुराणातील वचनांचे दोन पट्टे खालून वर चढत जातात आणि मध्ये एकमेकांत गुंफले जातात. दगडात फितीची लवचीकता आणणारा तो कारागीर खरोखर थोर. मी पहारेकऱ्याला विचारले, हे वाचता येते का? तो हसला. “नाही, होजाम. पण सुंदर आहे ना?” मी शिक्षिका आहे हे कळल्यापासून तो मला ‘होजाम’, म्हणजे ‘गुरुजी’, म्हणत होता.

नोव्हेंबर १९२८ मध्ये तुर्कस्तानाने अरबी लिपी सोडून रोमन लिपी स्वीकारली. साक्षरता वाढली, हे निर्विवाद आहे, आणि त्या निर्णयावर दुरून नाके मुरडणे मला पसंत नाही. पण आजच्या कोन्याकराला आपल्या पणजोबाच्या थडग्यावरचा मजकूर वाचता येत नाही. अक्षर त्याच्यापुरते नक्षी झाले आहे. आमच्या घरी आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या आहेत, मोडीतल्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून आणि कचेऱ्यांतून गेली, आणि तीन पिढ्यांपूर्वीचे आमचे ऋणको कोण, धनको कोण, हे मला सांगता येत नाही. त्या पहारेकऱ्यापेक्षा माझी स्थिती वेगळी नाही. त्याच्या वाट्याला निदान दगडातले सौंदर्य आले आहे.

मराठी माणसाला येथे ज्ञानदेव आठवणे अपरिहार्य. रूमी गेल्यावर दोनच वर्षांनी, १२७५ मध्ये, त्यांचा जन्म झाला असे मानले जाते. तौलनिक अभ्यासाच्या नावाखाली या दोघांना एका पंगतीत बसवणारे लेख मी पुष्कळ तपासले आहेत. त्यांत बहुधा साम्यांची यादी असते, आणि ती यादी कोणत्याही दोन संतांना लागू पडते. मला भेद महत्त्वाचा वाटतो. १२९० ची ज्ञानेश्वरी आजही तिच्याच शब्दांत घरोघर वाचली जाते. अर्थ अडला तरी कानाला ओवी ओळखीची असते. कोन्यात मसनवी पोचते ती भाषांतरातून, आणि भाषांतरात फारसीचा छंद गळून बोध तेवढा शिल्लक राहतो. दुकानांतील भिंतीवरच्या तसबिरींत, चहाच्या पेल्यांवर, किल्ल्यांच्या साखळ्यांवर हा बोध मुबलक आहे. कवी मात्र तिथे सापडत नाही.

खाण्यापिण्याविषयी थोडे. हातभर लांबीची, खिम्याची पातळ रोटी येथे प्रसिद्ध आहे, पण मला आश्चर्य वाटले ते भेंडीच्या सूपाचे. बोटाच्या पेराहूनही लहान भेंड्या दोऱ्यात ओवून वाळवतात आणि लग्नाच्या जेवणात त्यांचे आंबट सूप वाढतात. चाताल्होयुक ही नऊ हजार वर्षांपूर्वीची वस्ती तासाभराच्या अंतरावर आहे. पुरातत्त्वाची आवड असलेल्याने ती चुकवू नये. मी ती पाहिली, इतकेच येथे नोंदवते.

शनिवारी रात्री मोठ्या प्रेक्षागृहात समा पाहिला. काळे झगे उतरतात. आत पांढरे वस्त्र, ते कफनाचे प्रतीक. डोक्यावरची उंच टोपी थडग्याचा दगड. उजवा तळहात वर, डावा खाली. २००८ पासून युनेस्कोच्या यादीत असलेल्या या विधीचा प्रयोग झाला आहे, हे मी मनाशी बजावून गेले होते. पण बासरी, त्यांची ‘नेय’, सुरू झाली आणि माझी समीक्षक बुद्धी काही काळ गप्प बसली. मसनवीचा आरंभही बासरीच्या आक्रोशानेच होतो. त्या सभागृहात फारसी जाणणारे किती असतील? तरीही तो आरंभ सर्वांनी ऐकला, असे मला वाटले. नंतर दिवे लागले, कोणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि शेजारच्या गृहस्थांनी त्याला खुणेने थांबवले.

शेवटच्या सकाळी समाधीच्या बागेत इक्बालची स्मृतिशिला पाहिली. १९६५ मध्ये ती बसवली. सियालकोटचा हा कवी पुरला गेला लाहोरला. येथे त्याचे केवळ प्रतीकात्मक थडगे आहे, गुरूच्या सान्निध्यात. ‘जावेदनामा’त (१९३२) रूमीला वाटाड्या करून तो स्वर्गलोक हिंडला, तेही फारसीतच. शाळेच्या मुलांची एक रांग आली. पुढच्या मुलीने शिळेवरचे नाव अक्षर अक्षर जुळवून मोठ्याने वाचले आणि बाईंना विचारले, हा कोण? बाईंनी माझ्याकडे पाहिले. माझी साडी पाहून असावे. मला येत असलेल्या दहावीस तुर्की शब्दांत मी म्हटले, “शायर.” त्यांच्या भाषेतही तो शब्द आहे. मुलगी मान डोलावून रांगेत परत गेली.