खांदो सोड

आमची विहीर परड्याच्या टोकाला. रहाट होता, पण तिथून घरापर्यंत पाणी यायचं ते बायकांच्या डोक्यावरूनच. चुंबळीवर हंडा, त्यावर कळशी, कमरेवर आणखी एक घागर, आणि एवढं घेऊन आजी पाणंदीतून शेजारणीशी बोलत चालायची. मी पहिल्यांदा कळशी उचलली तेव्हा माझे खांदे कानांना भिडले. मागून आवाज आला, "खांदो सोड गो! कळशी डोक्यार आसा, खांद्यार नाय."

ही शिकवण कुणी बसवून देत नसे, कामच देई. आमच्याकडे दांडीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढायला हौसेने हात लावणारा नवखा नुसत्या दंडांनी ओढतो आणि थोड्याच वेळात धापा टाकतो. जाणता रापणकार अंगाचा भार मागे टाकतो. लाट जाळ्याला आत ढकलते तेवढ्यात दोर घेतो, लाट परतते तेव्हा नुसता धरून ठेवतो. श्वास टाकायची जागा त्या दोन ओढींच्या मधेच असते. आडाळीवर नारळ खोवणंही असंच. वाटी आवळून धरली, जोर लावला की करवंटीलगतची काळपट पाठ खोबऱ्यात उतरते आणि सोलकढीचा रंग बिघडतो. मनगट सैल सोडलं तरच पांढराशुभ्र चव पडतो. चूक लगेच डोळ्यांना दिसे.

म्हणून ते दिवस सुखाचे होते, असं मी म्हणणार नाही. आजी म्हातारपणी कमरेत वाकलीच. घरात नळ आला तेव्हा सगळ्यात जास्त खूश तीच झाली होती.

आता पंप आहे, मिक्सर आहे. ओझं गेलं, ताण मात्र राहिला, आणि तो दिसेनासा झाला. मिक्सर घरघरला की माझे दात आवळले जातात. खरं तर वाटण यंत्र करतंय, मी फक्त झाकण धरलंय! मोबाइल बघताना मान पुढे जाते, तेव्हा टोकणारं मागे कुणी नसतं. मग ते टोकणं बाहेर शोधावं लागतं. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात १९७६ पासून लोक डोक्यापासून पायांपर्यंतच्या संवेदना नुसत्या न्याहाळायला शिकताहेत. १९७९ मध्ये जॉन काबाट-झिन यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये जुनाट दुखण्यांच्या रुग्णांना अंगभर असंच लक्ष फिरवायला शिकवलं. चांगलंच आहे ते. फक्त त्यासाठी डोळे मिटून बसायची वेगळी वेळ काढायला हवी असं मला वाटत नाही. हातातलं काम पुरतं.

मे महिन्यात पर्यटकांच्या गाड्यांमागे बाजारात स्कूटर अडकते. तेव्हा मी आधी हँडलवरची मूठ बघते. ब्रेक लागलेला असतो, तरी दहाही बोटं जिवाच्या आकांताने आवळलेली. मूठ सोडते, मग कोपर, मग जबडा. पुढची गाडी हलत नाही ती नाहीच, पण घरी गेल्यावर बामची बाटली शोधावी लागत नाही.