लिस्बनच्या गल्लींतील साथ

लिस्बन शहरांत तेजू नदीच्या कांठीं, टेकडीच्या उतारावर, आल्फामा नांवाची जुनी वस्ती आहे. १७५५ सालच्या भूकंपानें शहराचा मोठा भाग जमीनदोस्त केला, तरी ही वस्ती बव्हंशीं उभी राहिली. गल्ल्या इतक्या अरुंद कीं, समोरासमोरच्या शेजारणींनीं खिडकींतूनच विरजणाची वाटी द्यावी! येथल्या व जवळच्या मोरारिया वस्तींतल्या खानावळींत रात्रीं 'फादो' गातात. १९ व्या शतकांत मोरारियांत राहिलेली मारिया सेव्हेरा अवघ्या सव्विसाव्या वर्षीं, १८४६ सालीं, वारली. तिचें नांव मात्र गाणारे अजून आदरानें घेतात. २०११ सालीं युनेस्कोनें या गायनास मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें.

फादोस मुख्यतः दोन तंतुवाद्यांची साथ असते. बारा तारांची पोर्तुगीज गितारा गायकाशीं जणूं संवाद करते. आपण जिला गिटार म्हणतों, तिला तेथें 'व्हियोला' हें नांव. ती ताल आणि खर्ज सांभाळते. श्रोत्यांचे डोळे पहिलीवर, पण भार सारा दुसरीवर. आपल्या तबलजींना हें निराळें सांगावयास नको.

आमचा भाचा नोकरीनिमित्त तेथें राहतो. वर्षभर तो व्हियोला शिकत होता, आणि हौशी गायकांच्या रात्रीं एका वृद्ध वादकाशेजारीं बसून त्यानें दोन गाण्यांस साथ करावी, असें ठरलें होतें. आम्ही उभयतां पोहोंचलों तेव्हां आठ दिवस उरले होते व स्वारीच्या तोंडचें पाणी पळालें होतें.

गाणीं तशीं सोपीं. 'कोरीदु' आणि 'मेनोर' हे जुने फादो. त्यांस ठराविक शब्द नाहींत, गाणारा आपल्या आवडीची कविता त्यांवर बसवितो. स्वरसमूह दोनच: एक सा-ग-प, दुसरा प-नी-रे-म, मेनोरमध्यें पहिल्यांतला गंधार कोमल. परंतु गायक आपली पट्टी ऐन वेळीं सांगतो. म्हणून भाच्यानें या जोड्या इ, ए आणि डी या तीन सुरांत बसविल्या. तेथें मोकळ्या तारांचा आधार मिळतो.

पहिले दोन दिवस त्यानें केवळ एका समूहावरून दुसऱ्यावर जाण्याचा सराव केला, तोही अगदीं विलंबित लयींत, आणि पुढें बोटांकडे न पाहतां. अंगठ्यानें खर्जाची तार, मग वरच्या तारांवर बोटें. अंगठा चुकतां कामा नये, कारण गाणारा त्याच्यावरच पाय रोवून उभा असतो.

खरी अडचण निराळीच होती. "मामी, गाणारी बाई मध्येंच थांबली, कीं माझा हात थांबतो," तो म्हणाला. तेव्हां आमच्या सौभाग्यवतींनीं ती चाल गुणगुणावयास घेतली, आणि मुद्दाम कोठें ओळ लांबवावी, कोठें श्वासापुरतें थबकावें, असा खोडसाळपणा चालविला. "मी कोठेंही भटकेन, तूं घर सोडूं नकोस," त्या म्हणत. स्वयंपाकघरांत हा शिरस्ता रोज तासभर चाले. एखादा समूह निसटला तर मागें फिरावयाचें नाहीं, पुढच्या मात्रेवर सांपडावयाचें, एवढा नियम त्यांनीं कडक पाळविला.

त्या रात्रीं दिवे मंद झाले आणि बोलणें आपोआप थांबलें. गाणारी बाई दिवसां शिवणकाम करणारी. तिनें ए सूर सांगितला. कोरीदु निर्विघ्न पार पडला. मेनोरच्या तिसऱ्या कडव्यांत तिनें एक स्वर इतका धरून ठेविला कीं, आमचाही श्वास अडकला. भाच्याचें एक बोट घसरलें, तार खरखरली; अंगठा मात्र चालत राहिला, आणि बाई परतली ती नेमकी त्याच्या मात्रेवर. वृद्धानें मान वर करूनही पाहिलें नाहीं.

टाळ्या पडल्यावर बाईंनीं तिसऱ्या गाण्यासाठीं त्याच्याकडे वळून निराळाच सूर सांगितला. भाच्यानें हंसून तळहात तारांवर आडवा ठेविला आणि वृद्धाकडे बोट दाखविलें. वृद्धानें खुर्ची किंचित् पुढें ओढली. आमचा भाचा मात्र जागेवरून न हलतां त्याच्या डाव्या हाताकडे टक लावून बसला.