झाकलेली झीज

ग्रामोफोनची सुई खाचेतून घासत जाते आणि प्रत्येक श्रवणागणिक तबकडीला कणाकणाने झिजवते, हे ज्यांनी आयुष्यभर पाहिले होते त्यांना, १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये सोनीचा सीडी प्लेयर विक्रीस आला आणि सुईच्या जागी प्रकाशकिरण अवतरला, तेव्हा झिजेचा कायमचा बंदोबस्त झाला असे वाटले असल्यास नवल नाही. किरण चकतीला स्पर्श करीत नाही हे खरेच. परंतु त्या किरणाला नेमक्या जागी नेऊन उभा करणारा लवाजमा मात्र रबर, प्लॅस्टिक, तांब्याची तार आणि ग्रीस अशा नाशवंत द्रव्यांचाच असतो, आणि त्याच्या दुरुस्तीवरच आम्हा कारागिरांची गुजराण चालते.

यंत्र प्रथम अडते ते बहुधा त्यातील सर्वांत स्वस्त भागामुळे. ट्रे बाहेर ढकलणारा रबरी बेल्ट सैल पडतो, ट्रे अर्ध्यावर थबकतो, आणि गिऱ्हाईक ‘लेन्स गेली’ असा निकाल घरूनच लावून आलेले असते. (हा बेल्ट गरम पाण्यात टाकून घट्ट करण्याचा रिवाज आमच्यात आहे, ती मुदतवाढ होय, उपाय नव्हे.) लेन्स ज्या दांड्यावरून सरकते त्यावरील ग्रीस कालांतराने धुळीशी एकजीव होऊन चिकटते. सीडीचे वाचन मध्यापासून कडेकडे होत असल्यामुळे पहिली गाणी निर्वेध वाजून शेवटची अडखळू लागली, की मी आधी त्या दांड्याकडेच वळतो.

पण या यंत्राचा खरा विशेष असा, की ते आपली विकलता झाकते. चकतीची कड अर्धा मिलिमीटर वरखाली डोलली, तरी लेन्स इवल्याशा कॉइलच्या बळावर तिच्याबरोबर डोलत किरणाचा बिंदू मायक्रॉनच्या हिशेबात स्थिर राखते. शिवाय चकतीवर मूळ माहितीच्या जोडीला पडताळ्याचे जादा आकडे विखरून ठेवलेले असतात. एखाद्या मुरलेल्या कारकुनाने वाळवीने खाल्लेल्या रोजकीर्दीतील रक्कम खतावणीवरून बिनचूक उभी करावी, तशी यंत्र सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची तूट श्रोत्याला सुगावाही न लागू देता भरून काढते. परिणामी लेन्सवर धूळ साचत असते, लेसरचा जोम ओसरत असतो, मोटरच्या बेअरिंगला ढिलाई येत असते, आणि घरातील मंडळी मात्र निश्चिंतपणे नाटकांच्या व्हीसीडी पाहत असतात. मग भरपाईची ताकद संपली, की पडद्यावर ‘नो डिस्क’ उमटते आणि ‘कालपर्यंत उत्तम चालत होता’ या तक्रारीसह प्लेयर दुकानात दाखल होतो. तक्रार खोटी नसते. म्हणूनच झाकण उघडल्यावर मी मीटर लावण्यापूर्वी कान देतो: निरोगी लेन्स जवळजवळ निःशब्द असते, धडपडणाऱ्या लेन्सच्या कॉइलमधून बारीक खरखर येते.

लेन्सच्या बगलेला पुष्कळदा एक सूक्ष्म प्रीसेट असतो. तो किंचित फिरवून लेसरला जादा प्रवाह दिला, की निपचित पडलेला प्लेयर तत्क्षणी गाऊ लागतो, आणि या चमत्कारावर बाजारात कित्येकांची कीर्ती उभी आहे. वस्तुतः लेसर डायोड जसजसा जुना होतो तसतसा तेवढ्याच उजेडासाठी त्याला अधिक प्रवाह लागतो. त्यावर आणखी प्रवाह पाजणे म्हणजे उरलेले आयुष्य एकरकमी वसूल करणे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने लेन्स पुसून काम भागते का, हे पाहिल्याखेरीज प्रीसेटला हात लावणे मला गैर वाटते. मात्र ज्या डेकची लेन्स आता मिळतच नाही, तिथे गिऱ्हाइकाला परिणाम सांगून मीही तो फिरवतो.

मिळत असेल तर नवी लेन्सच घालावी, आणि घालताना एक गोष्ट पाहावी: स्थिर विद्युतेपासून डायोड वाचावा म्हणून पुष्कळ लेन्सवर कारखान्यातूनच डाकाचा एक थेंब टाकलेला असतो, आणि पट्टी जोडून झाल्यावर तो काढायचा राहिला, तर कोरी लेन्सही मृत भासते व दुकानदाराशी विनाकारण हुज्जत होते.