उताराची मर्यादा

टोकामाक म्हणजे प्लाझ्मा, अर्थात तापलेला विद्युतभारित वायू, चुंबकीय क्षेत्रात कोंडणारं यंत्र. त्याच्या पोटातली उष्णता बाहेर कशी पळते, याचं गणित मांडणं हे माझं काम. गांधीनगरजवळ भाट गावी प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ साली ‘आदित्य’ हा टोकामाक सुरू झाला. त्यात प्लाझ्माच्या गाभ्यापासून काठापर्यंतचं अंतर जेमतेम २५ सेंटिमीटर. तेवढ्यात तापमान लाखो अंशांनी उतरतं. चुंबकीय क्षेत्र कणांना धरून ठेवतं, तरी नुसत्या टकरींच्या हिशेबात बसते त्याच्या कितीतरी पट उष्णता निसटते. ती वाहून नेतात प्लाझ्मात उठणारे बारीक भोवरे.

आमच्या उमरीकडे खळ्यावर ज्वारीची रास लागते, तेव्हा वरून कितीही टोपल्या ओता, ठरावीक उतारापुढे दाणे घसरतातच. तेवढ्याच जागेत टोक उंच न्यायचं तर कडेनं पोती रचावी लागतात. प्लाझ्माचंही तसंच. तापमानाचा उतार मर्यादेपलीकडे गेला की भोवरे जागे होतात आणि जादा ओतलेली ऊर्जा वाहून जाते. म्हणून गाभा किती तापणार, हे बरंचसं काठावर ठरतं. १९८२ मध्ये जर्मनीतल्या गार्शिंगला ‘अ‍ॅस्डेक्स’ यंत्रावर फ्रिट्झ वाग्नर यांना प्लाझ्माची बंदिस्ती एकाएकी सुधारलेली दिसली. काठाशी भोवरे शमले होते, तिथला उतार उभा झाला होता आणि त्याच्या आधारानं गाभाही वर चढला होता.

गणितात मी प्लाझ्माची एकात एक वलयं कल्पितो. वलयात आलेल्या ऊर्जेतून प्रारणानं गेलेली वजा करतो. उरलेली पुढच्या वलयात जाते. तिला वलयाच्या क्षेत्रफळानं, घनतेनं आणि उतारानं भागलं की उष्णतावहनाचा गुणांक हाती येतो. खरी मेख उतारात आहे. लेसरच्या विकिरणातून तापमान मोजक्या बिंदूंवर कळतं. त्यांमधून रेषा मी ओढतो. ती किंचित वळवली तरी गुणांक बदलतो. असा गुणांक जुळवून मोजलेला आलेख हुबेहूब काढता येतो, पण त्यानं प्लाझ्मा कळत नाही.

म्हणून मी उलटा जातो. भोवरे कोणत्या उताराला जागे होतात ते आधी काढायचं, काठाचं तापमान घ्यायचं आणि गाभ्याचं सांगायचं, तेही शॉटच्या, म्हणजे यंत्रातल्या प्रत्यक्ष प्रयोगाच्या, आधी. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ‘इटर’ या टोकामाकमध्ये भारतही भागीदार आहे, तिथे १५ कोटी अंश गाठायचे आहेत. तो प्लाझ्मा अजून कुणी पाहिलेला नाही, त्यामुळे जुळवाजुळव तिथे उपयोगाची नाही. काठाचं तापमान अजून पुऱ्या भरवशानं आधी सांगता येत नाही. माझ्या मते या विद्येतलं सर्वांत मोलाचं काम तिथेच बाकी आहे.