४८ तासांचं अंडं

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला कोंबडीच्या गर्भाच्या स्लाइड्स असत: ३३ तास, ४८ तास, ७२ तास. आकृती काढायची, नावं द्यायची, जर्नलवर सही घ्यायची. एवढ्यावरच माझं प्राणिशास्त्र संपायचं. ते संपलं नाही, ते आमच्या लॅबमधल्या शिपाईमामांमुळे.

जिवंत गर्भ दाखवायचा हट्ट बाईंचा, पण खटाटोप मामांचा. दुकानातली पांढरी अंडी कितीही उबवा, त्यांत कोंबड्याचा संबंधच नसतो. म्हणून मामा गावाहून गावरान अंडी भुशात घालून आणत, पेन्सिलीनं तारीख-वेळ लिहून इन्क्युबेटरमध्ये मांडत, रविवारीसुद्धा येऊन फिरवून जात. त्याचा भत्ता त्यांना कुणी दिला नाही.

४८ तासांचं अंडं कोमट सलाइनमध्ये फोडलं. बलकावर नखाएवढा गर्भ, भोवती लालसर जाळं, आणि मधोमध हृदय चक्क उडत होतं. वरच्या टोकाला डोळा, त्यात भिंग घडू लागलेलं. "पटापट बघा, गार झालं की मंदावतं," मामा म्हणाले.

या सगळ्या पेशींत डीएनए तोच आहे, हे बाईंनी तिथंच सांगितलं. ऑक्सफर्डच्या जॉन गर्डन यांनी १९६२ साली बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातलं पेशीकेंद्रक अंड्यात घालून पोहणारी पिल्लं वाढवली होती. म्हणजे आतड्याच्या पेशीनं काहीच गमावलं नव्हतं. फरक पडतो तो कोणतं जनुक चालू, कोणतं बंद, यानं. भिंगाच्या पेशीत हिमोग्लोबिनचं जनुक असतं, पण गप्प. तिथं पॅक्स-६ आणि सॉक्स-२ ही प्रथिनं डीएनएवर जोडीनं बसतात, तेव्हा भिंगातल्या क्रिस्टॅलिन या प्रथिनाचं जनुक जागं होतं. एकट्या सॉक्स-२ला ते जमत नाही. शास्त्रज्ञ यामानाकांनी २००६ मध्ये ज्या चार जनुकांच्या मदतीनं उंदराच्या पक्व पेशी परत मूळपदावर नेल्या, त्यांत हेच सॉक्स-२ होतं, सोबती मात्र निराळे. मला तर हा यातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

पुढं पीएच.डी. कोंबडीच्या भिंगावरच केली. ऋणनिर्देशात पहिलं नाव मामांचं घातलं. गाइडनी भुवया उंचावल्या, पण खोडलं नाही. प्रत द्यायला गेलो, तेव्हा मामांनी फोटो निरखून पाहिले.

"अंडी कुठली?"

"हॅचरीतली, मामा."

"तरीच," म्हणाले, आणि चहा टाकायला सांगितला.