दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय जरा रुक्ष आहे, पण दिवाळीला जमलेल्या मंडळींशी यावरचं बोलणं अर्धवट राहिलं होतं, म्हणून.

विषय राज्याच्या कर्जाचा. मार्च २०२५ मध्ये त्या वेळचे अर्थमंत्री अजित पवार यांनी २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला. वर्षअखेर राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटी रुपयांवर जाईल, असा त्यात अंदाज होता. हा आकडा निघाला की आपल्या घरांमधलं उत्तर ठरलेलं असतं. "वाटा अजून लाडक्या बहिणींना पैसे!"

आता आमच्या उपनगरांचंच बघा. २०२२ मध्ये, महापालिका निवडणुकीचे वारे वाहत असताना, महाविकास आघाडी सरकारने मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ केला. तिजोरी महापालिकेची, निर्णय राज्याचा. मग १४ ऑक्टोबर २०२४ ला महायुती सरकारने दहिसर, वाशी, ऐरोली आणि मुलुंडच्या दोन नाक्यांवरचा हलक्या वाहनांचा टोल बंद केला. दुसऱ्याच दिवशी विधानसभा निवडणुकीच्या तारखा जाहीर झाल्या. मुलुंडहून ठाण्याला गाडीने जाताना मोजावे लागणारे ४५ रुपये सुटले. त्याला मात्र आपण 'रेवडी' म्हटलं नाही, 'दिलासा' म्हटलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या खात्यात १५०० रुपये आले की ती रेवडी. त्यातून त्या मुलीच्या क्लासची फी भरतात, हा भाग वेगळा.

तर कोणाला काय मिळालं, हा माझा मुद्दा नाही. कर्ज काढणंही वाईट नाही. आपण सगळ्यांनीच फ्लॅटसाठी काढलंय. राज्याचं कर्ज त्याच्या एकूण उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आतबाहेर आहे आणि देशातल्या बऱ्याच राज्यांची अवस्था याहून बिकट आहे. काळजी आहे ती महसुली तुटीची. त्याच अर्थसंकल्पात ही तूट ४५,८९१ कोटी दाखवली होती. म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं हा रोजचा खर्च जमेत भागत नाही, म्हणून उसने घ्यायचे. घराच्या भाषेत सांगायचं तर हप्ता फ्लॅटचा नाही, वाण्याच्या उधारीचा. नुसत्या व्याजापोटी वर्षाला ६० हजार कोटींच्या वर जातात. लाडक्या बहिणींसाठी त्या वर्षी ठेवले होते ३६ हजार कोटी!

हे रोखण्यासाठी २००५ पासून राज्यात वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा आहे. पण कायदा बिचारा टक्केवारी सांगतो. हात आखडता घ्यायचा तो सत्तेत बसलेल्यांनी. आणि तो कधी घेतला गेला, ते पाहा. लाडकी बहीण योजना जून २०२४ मध्ये जाहीर झाली, तेव्हा वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असं सांगितलं गेलं. ते कुठल्या नव्या करातून येणार, हे कोणी सांगितलं नाही. नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली, मोठं बहुमत मिळालं. मग तरतूद कमी झाली, छाननी सुरू झाली आणि जुलै २०२५ मध्ये २६ लाखांहून अधिक लाभार्थी अपात्र म्हणून थांबवल्याचं सरकारनेच सांगितलं. त्यात पुरुषही होते! ही छाननी आधी का नाही झाली? आधी केली असती तर मतं दुखावली असती. नंतर केली, तेव्हा दुखावल्या त्या बायका. काटकसर झाली, पण तिची वेळ निवडणुकीने ठरवली.

विरोधक काय करत होते, असं तुम्ही विचाराल. ते १५०० च्या जागी ३००० कबूल करत होते! म्हणूनच म्हणतो, संयमाची जबाबदारी आधी सत्ताधाऱ्यांची. विरोधक फक्त शब्द देऊ शकतात. सही ज्याच्या हातात, 'नाही' म्हणण्याचं कामही त्याचंच.

आणि हे आपल्या राज्यात कधी जमलंच नाही, असं नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. मागेल त्याला काम, म्हणजे खर्चाला वरची मर्यादा नाही. पण १९७५ मध्ये सरकारने त्यासाठी व्यवसाय कर लावला. भरायचा शहरातल्या नोकरदारांनी, मजुरी मिळायची गावातल्या लोकांना आणि कराइतकीच रक्कम सरकारने स्वतःची घालायची. १९७७ मध्ये कायदाही झाला. पैसे घेणारा आणि देणारा, दोघांनाही तोंडावर सांगितलेलं होतं. अंधेरी-घाटकोपरच्या चाकरमान्यांनी कुरकुर केली असेल, पण कर भरला.

तो कर अजून चालू आहे. तुमची पगाराची पावती काढा. 'पी.टी.' नावाची एक ओळ दिसेल, दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होतं, ती कुठून आली ते?

ताईंचे १५०० रुपये चालू राहावेत, असंच मला वाटतं. पण ते माझ्याकडून घ्या आणि मला तसं सांगा. टोल माफ करायचा असेल तर पुलांच्या देखभालीचा खर्च कोणाच्या नावावर टाकला, तेही त्याच पत्रकार परिषदेत सांगा. माझा मुलगा आत्ता अकरावीत आहे. आजच्या उधारीवरचं व्याज तो भरणार आहे, आणि त्याला तर अजून मतसुद्धा नाही.

असो. पुढच्या वेळी काहीतरी हलकंफुलकं लिहीन म्हणतो.